दऱ्यांचा दर्या

दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी सकाळी सातला सरांचा फोन आला. "अरे, सह्याद्रीत समुद्र कधी घुसला?"

मी अर्धवट झोपेत. सरांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा वाटलं, सकाळी सकाळी एखादं कोडं घालताहेत. निवृत्त झाल्यापासून ते आमच्या डोंगर भटकणाऱ्या मंडळींचा एक छोटासा दिवाळी अंक काढतात. पाचशे प्रती, त्यातल्या शंभरेक फुकट वाटायच्या. त्या वर्षीचा अंक आदल्या संध्याकाळीच छापून आला होता.

"पान बावीस उघड," सर म्हणाले.

उघडलं. हरिश्चंद्रगडावरचा लेख. कोकणकड्याच्या टोकावर पोटावर झोपून खाली पाहिलं की खोल खोल 'दर्या' दिसतात, असं त्यात छापलं होतं. पुढच्या पानावर गावकर्यांनी भाकर्या दिल्या होत्या. त्याच्या पुढे खडकात खोदलेल्या पायर्या होत्या आणि पायर्यांवर भन्नाट वार्याने कुणाची तरी टोपी उडाली होती.

मराठीत र पुढच्या अक्षराला दोन तऱ्हांनी जोडला जातो, हे प्रत्येकाला शाळेत आचाऱ्यास आणि आचार्यास या जोडीवरून शिकवलेलं असतं. पहिल्याला आपण जेवणाचे पैसे देतो, दुसऱ्याला वाकून नमस्कार करतो. दऱ्या आणि दर्या ही तशीच जोडी. गंमत अशी की अंकात सगळे शब्द बिघडले नव्हते. बावीसवर दर्या, तर तीसवर व्यवस्थित दऱ्या. एकाच अंकात काही लेखांना रोग लागलेला, काही ठणठणीत.

सरांनी सगळी मुद्रितं वर्डच्या फाइलवरून कागदावर काढून, लाल पेनाने, दोनदा वाचली होती. तेव्हा चूक नव्हती. त्यानंतर "शेवटचा हात मी फिरवतो, तुम्ही काळजी करू नका" असं म्हणणारा माणूस मी होतो. सरळ अवतरणचिन्हं वाकडी करणं, दोन शब्दांत पडलेल्या दुहेरी मोकळ्या जागा काढणं असली किरकोळ कामं. ती मी माझ्या ईमॅक्समध्ये पाच मिनिटांत करतो, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. छपाईआधी पीडीएफ आली, ती मी रिक्षात बसून फोनवर पाहिली. फोटो उलटे नाहीत ना, पान क्रमांक लागलेत ना, बस. मजकूर काय वाचायचा, तो तर वाचून झालेला होता.

फोन ठेवल्यावर मी लगेच लॅपटॉप उघडला, ईमॅक्स सुरू केला, सरांच्या मूळ मेलमधला लेख त्यात चिकटवला, सेव्ह केला, पुन्हा उघडला. दऱ्या शाबूत. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. दऱ्या शाबूत. म्हणजे माझ्याकडे काही गडबड नाही. मग उरलं कोण? पानं लावणारे डीटीपीवाले. त्यांना मी फोन लावला आणि जे बोललो ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की "तुमच्या जुनाट सॉफ्टवेअरने" अशी सुरुवात होती. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्याकडून येतं ते आम्ही लावतो. आम्ही अक्षराला हात लावत नाही." मला ते उडवाउडवीचं उत्तर वाटलं.

शुद्धिपत्र छापून प्रत्येक अंकात चिठ्ठी घालायची, असं ठरलं. मजकूर मीच करतो म्हणालो, अर्थातच. दुपारी ऑफिसात, कामाच्या मधे, सरांच्या मेलमधून एकेक शब्द उचलून यादी केली आणि पाठवून दिली. अर्ध्या तासात सरांचं उत्तर आलं, एका ओळीचं. माझ्याच यादीतली पहिली नोंद त्यांनी मला परत पाठवली होती:

'दर्या'ऐवजी 'दर्या' वाचावे.

ही चिठ्ठी कुठल्याही डीटीपीवाल्याच्या हातात गेलेली नव्हती.

ज्यांनी ईमॅक्स पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. हा टेक्स्ट एडिटर, म्हणजे साधा मजकूर आणि प्रोग्रॅम लिहायचं साधन. पण त्याचा बराचसा भाग लिस्प या भाषेच्या एका बोलीत लिहिलेला आहे, आणि ती बोली वापरणाऱ्यालाही खुली आहे. कुठली कळ दाबल्यावर काय व्हावं, सेव्ह करण्याआधी काय घडावं, रंग, अंतर, सगळं बदला. सुरू होताना ईमॅक्स तुमची एक फाइल वाचतो, इनिट नावाची, आणि तुम्ही तिच्यात जे लिहिलं असेल तसा होतो. वर पॅकेजं आहेत, हजारोंनी. कुणी हिशेब ठेवायचं लिहिलेलं, कुणी मेल वाचायचं. ऑर्ग-मोड या टिपणं ठेवायच्या पॅकेजची सुरुवात २००३ साली कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या सोयीसाठी केली, आणि आज कित्येक लोक केवळ त्याच्यापायी ईमॅक्स शिकतात. मीही त्यातलाच.

या एडिटरचा जन्म कसा झाला हे मला बरंच नंतर कळलं. १९७०च्या दशकात अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको नावाचा एडिटर वापरत. त्याच्यावर ज्याने त्याने आपापले मॅक्रो रचले होते, इतके वेगवेगळे, की एकाला दुसऱ्याच्या जागी बसून काम करता येईना. मग गाय स्टील यांनी ते वेगवेगळे संच एकत्र करायचं काम हाती घेतलं, रिचर्ड स्टॉलमन यांनी ते पुढे नेलं, आणि १९७६ साली ईमॅक्स झाला. म्हणजे प्रत्येकाची वेगळी चूल मोडून एक पंगत बसावी म्हणून जे निघालं, त्यात मी दहा वर्षं आपली वेगळी चूल मांडून बसलो होतो. माझ्या संगणकावर दुसऱ्या कुणाला एक ओळ लिहिता येत नव्हती, आणि याचा मला अभिमान होता.

तर त्या दुपारी मी कर्सर 'दर्या'वर ठेवला आणि हे अक्षर कशाकशाचं बनलंय ते ईमॅक्सला विचारलं. तशी सोय त्यात आहे: कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह. उत्तर आलं: र, हलन्त, य. तेच सरांच्या मेलमधल्या शब्दाला विचारलं: र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक, य.

युनिकोडमध्ये दऱ्यातला तो आडवा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावायचा. दुसरी रीत जुनी: साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक अदृश्य चिन्ह, ज्याला स्वतःची रुंदी नाही. दोन्हींचं रूप पडद्यावर सारखंच दिसतं. कुणी फोनवर टंकतो, कुणी जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलून घेतो, त्यामुळे सरांकडे लेख दोन्ही प्रकारचे येतात. पहिल्या प्रकारचे लेख वाचले होते. दुसऱ्या प्रकारातलं अदृश्य चिन्ह कुणीतरी खुडून टाकलं होतं, आणि ते गेलं की र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो.

खुडणारा कोण, हे त्या क्षणी लख्ख आठवलं.

सहा महिन्यांपूर्वी ऑफिसात एक सेटिंगची फाइल काही केल्या चालेना. दोन तास घालवल्यावर कळलं की कुठल्याशा वेबपेजवरून कॉपी केलेल्या ओळीत एक शून्य रुंदीची मोकळी जागा लपलेली आहे. दिसत नाही, पण मशीनला खुपते. मी चिडलो आणि चार ओळींचं फंक्शन लिहिलं: सेव्ह करण्याआधी २००बी ते २००एफ या क्रमांकांतली सगळी चिन्हं पुसून टाक. मला हवी होती फक्त २००बी. पण पट्टा देणं सोपं होतं, आणि बाकीचीही "असलीच अदृश्य काहीतरी" असणार. मराठीचा जोडक २००डी वर बसलेला आहे. जन्मापासून मराठी वाचणाऱ्या माणसाने ते पुसलं.

बरं, हे फक्त प्रोग्रॅमच्या फाइलींपुरतं चालावं एवढी अक्कल मला होती. ईमॅक्समध्ये ॲड-हुक नावाची आज्ञा असते, तिला चौथ्या जागी एक 'टी' दिला की ते काम त्या एका फाइलीपुरतं राहतं. मी तो 'टी' दिला नाही. त्याचा परिणाम असा की दिवसातली पहिली प्रोग्रॅमची फाइल उघडेपर्यंत सगळं ठीक, आणि ती उघडली की तिथून पुढे प्रत्येक फाइल सेव्ह करताना झाडू फिरणार, मग ती पत्राची असो, नाहीतर दिवाळी अंकाची. सकाळी घरी मी ताजा ईमॅक्स सुरू करून तपासलं तेव्हा एकही प्रोग्रॅम उघडलेला नव्हता. म्हणून दऱ्या शाबूत राहिल्या, म्हणून मी निर्दोष सुटलो, आणि म्हणून त्या डीटीपीवाल्यांना फोन केला.

संध्याकाळी त्यांच्या दुकानात गेलो, पेढे घेऊन. पेढे आनंदाच्या बातमीला नेतात, माफी मागायला काय न्यायचं हे सुचलं नाही. ते लग्नपत्रिका लावत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पेढा खाल्ला आणि विचारलं, "मग ती ओळ काढली?"

"काढली."

"आणि बाकीच्या?"

माझी इनिट फाइल तेव्हा चौदाशे ओळींची होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी ती वरपासून वाचायला घेतली. फराळाचं ताट बाजूला, मांडीवर लॅपटॉप. बायको म्हणाली, "लोक सणाला घर झाडतात." प्रत्येक ओळीला विचारायचं, तू कोण, कुठून आलीस? निम्म्याहून अधिक ओळींचं उत्तर एकच होतं: कुठल्या तरी हुशार माणसाच्या फाइलीतून. त्याला त्या का लागल्या असतील हे मी कधी विचारलंच नव्हतं. वास्तविक ईमॅक्समध्ये कुठल्याही आज्ञेवर किंवा सेटिंगवर कंट्रोल-एच दाबून एफ किंवा व्ही म्हटलं की तो स्वतःची माहिती स्वतः देतो. ही सोय जगभर नावाजली जाते. मी ती दहा वर्षांत क्वचितच वापरली.

वरची पहिलीच ओळ आठवणीतली निघाली. एका हिवाळ्यात मला ईमॅक्स लवकर सुरू व्हावा असा ध्यास लागला होता. सहा सेकंद लागत, ते मी एकावर आणले. तीन आठवड्यांच्या रात्री त्यात गेल्या. मी ईमॅक्स दिवसातून एकदा उघडतो. रोजचे पाच सेकंद वाचवून त्या रात्री वसूल व्हायला किती वर्षं लागतील, हा हिशेब मांडायची हिंमत झाली नाही. त्यात एक युक्ती अशी: लिस्प चालताना स्मृतीत केर साठतो, आणि एका मर्यादेला, मुळात ८,००,००० बाइटांना, ईमॅक्स थांबून तो उचलतो. सुरू होताना ही मर्यादा आभाळाला भिडवली की तो थांबत नाही. सुरू झाल्यावर ती परत खाली आणायची असते. युक्तीचा हा दुसरा भाग मी कॉपी केलाच नाही. घंटागाडी कायमची बंद. दुपारी तीनपर्यंत लॅपटॉपचा पंखा विमानासारखा घोंघावायचा आणि शेवटी सगळं गोठायचं. मी नवीन रॅम विकत घेतली.

त्याच ध्यासात इनिट फाइल बाइट-कंपाइलही केली, म्हणजे ती जलद वाचली जाईल. मग मूळ फाइलीत दोन दिवस बदल करत राहिलो आणि काहीच बदलेना. कंपाइल केलेली जुनी प्रत शेजारी असेल तर ईमॅक्स तीच वाचतो. मूळ फाइल नवीन आहे असा इशाराही तो तळाशी सेकंदभर दाखवतो, पण मी हौसेने लावलेलं रंगीत स्वागतचित्र तोवर पुढे येऊन तो इशारा झाकत होतं.

पॅकेजांचं थोडक्यात सांगतो, कारण ती गोष्ट प्रत्येकाची सारखीच असते. मेल्पा या भांडारात बहुतेक पॅकेजं लेखकाने काल रात्री जे लिहिलं त्यावरून बनतात, आवृत्तीचा क्रमांक म्हणजे चक्क तारीख. ऑफिसात एका महत्त्वाच्या प्रात्यक्षिकाच्या सकाळी मी एका दमात त्रेचाळीस पॅकेजं अपडेट केली. का, तर ती यादीत निळी दिसत होती. त्यानंतर ईमॅक्स उघडला तो नुसता चुकांचा ढीग दाखवत. सहकाऱ्यांसमोर नोटपॅडमध्ये काम केलं. बरं, यातलं प्रत्येक पॅकेज म्हणजे परक्या माणसाचा कोड, आणि त्याला मज्जाव करणारी भिंत ईमॅक्समध्ये नाही. मला माझ्या संगणकावर जे करता येतं ते सगळं त्यालाही करता येतं. दाराला तीन कड्या लावून झोपणारा मी, त्रेचाळीस अनोळखी माणसांना रात्रीतून घरात घेत होतो.

पाचशेव्या ओळीच्या आसपास मात्र मी बराच वेळ थांबलो.

तिथे तीन ओळी होत्या, एकाखाली एक: बॅकअप बंद, आपोआप सेव्ह बंद, लॉक फाइल बंद. ईमॅक्स तुम्ही न सांगता तुमचं लिखाण जपत असतो. ३०० कळा दाबल्या की किंवा ३० सेकंद हात थांबला की तो एक प्रत बाजूला ठेवतो, नावाच्या मागेपुढे हॅशचं चिन्ह लावून. जुनी प्रत नावापुढे नागमोडी रेघ देऊन ठेवतो. त्या फाइली मला फोल्डरमध्ये कचऱ्यासारख्या दिसायच्या. त्यांना वेगळ्या जागी ठेव, असं एका ओळीत सांगता येतं. मी त्या बंदच केल्या. घर नीटनेटकं दिसलं.

आई गेली त्या पावसाळ्यात मी तिच्याबद्दल लिहायला बसलो होतो. कुणासाठी नाही, असंच. तिचं माहेरचं नाव काय होतं, तिच्या हातची आमसुलाची कढी कशी असायची, मेथीच्या लाडवाला ती कुठला गूळ घ्यायची, शेवटच्या आठवड्यात ती मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारायची ते. एका बैठकीत चारेक तास लिहिलं. सेव्ह केलं नाही, कारण लिहिताना ते सुचत नाही. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निकामी झालेली, तो वायरवरच चालायचा. आठच्या सुमारास वीज गेली.

आल्यावर फाइल उघडली. रिकामी. ३०० कळांचा हिशेब केला तर माझी जास्तीत जास्त एक-दोन वाक्यं गेली असती. गेलं ते सगळं. मी ते पुन्हा लिहायला बसलो, दोनदा. कढीचं आलं, लाडवांचं आलं, पण पहिल्या वेळी जे काही ओघात आलं होतं आणि ज्यामुळे मी चार तास उठलो नव्हतो, ते आलं नाही. त्या रात्री मी विजेवर चिडलो होतो, बॅटरीवर चिडलो होतो. त्या तीन ओळींचा आणि त्या रिकाम्या फाइलीचा संबंध मी त्या दिवाळीत, चकली हातात धरून, पहिल्यांदा लावला. मध्ये चार वर्षं गेली होती.

त्यानंतर फाइल वाचत बसलो नाही. ईमॅक्सवाल्यांत एक शब्द आहे, 'डॉट-ईमॅक्स बँकरप्सी': सेटिंगची फाइल हाताबाहेर गेली की दिवाळं जाहीर करायचं आणि कोऱ्या फाइलीपासून सुरुवात करायची. मुहूर्त तर दिवाळीचाच होता. जुनी फाइल बाजूला टाकली आणि ईमॅक्स मूळ रूपात उघडला. पांढरा पडदा, वर बटणांची पट्टी. कुठल्या तरी सायबर कॅफेत बसल्यासारखं वाटलं. कळा आठवेनात, कारण मूळ कळा मी कधी शिकलोच नव्हतो, आधीच बदलून घेतल्या होत्या. त्यातला शिकवणीचा धडा उघडला, नवख्यांसाठीचा. कर्सर खाली कसा न्यायचा ते दहा वर्षांनी शिकलो. मुलगी डोकावून म्हणाली, "बाबा, तुम्ही तर हे ऑफिसात शिकवता ना?"

आता फाइल एकशे साठ ओळींची आहे. ओळ घातली की वर मराठीत लिहितो, ही का घातली आणि कुठल्या दिवशी. अगदीच साधू झालो असंही नाही. मागच्या महिन्यात फॉन्टपायी एक अख्खा रविवार गेला. देवनागरी आणि रोमन अक्षरं एका तक्त्यात आली की रकाने वाकडे होतात, ते सरळ करायला निघालो होतो. झाले नाहीत. २०२०च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून ईमॅक्स अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरू लागला आणि जोडाक्षरं छान उमटू लागली, पण रकान्यांचं दुखणं वेगळं आहे. सोडून दिलं.

शून्य रुंदीच्या चिन्हांचं फंक्शन अजून आहे. पुसत नाही, फक्त लाल करून दाखवतं.

सरांनी पुढच्या वर्षी लेख पाठवले तेव्हा मेलमध्ये काहीच टोमणा नव्हता, त्यानेच जास्त टोचलं. सगळे लेख एका फाइलीत घेतले. कामाला हात लावण्याआधी ईमॅक्सला मोजायला लावलं, दोन्ही प्रकारचे मिळून असे र किती आहेत. २१२. अवतरणचिन्हं केली, मोकळ्या जागा काढल्या, सेव्ह केलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मोजलं. २१३.

घाम फुटला. कमी झाले असते तर कारण माहीत होतं, वाढले कसे? सरांची प्रत आणि माझी प्रत शेजारी ठेवून ओळीला ओळ लावत गेलो. पाऊण तासाने सापडलं. संपादकीयात शेवटी आभार मानताना सरांकडून नजरचुकीने राहून गेलेलं एक नाव मीच मघाशी घातलं होतं: 'आणि आमचे डीटीपी करणाऱ्यांचे'.